वाचकांचे प्रश्न : साठीनंतर वजन किती असावे?

ज्येष्ठांच्या वजनाविषयी या सदराकडे सातत्याने पत्रे येतात. त्यांपैकी बहुतेकांत 'वजन कमी कसे करू' असे विचारलेले असते. 'वजन आपोआप उतरते आहे, काय करू' असे विचारणारे पत्र क्वचितच येते, आणि मला अधिक काळजी वाटते ती न आलेल्या या पत्रांची. या अंकात दोन्ही बाजूंची काही पत्रे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय ६८, उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो आहे. आमच्या वसाहतीतील आरोग्य शिबिरात माझा बीएमआय २४.२ काढून 'वजन जास्त आहे, तीन-चार किलो उतरवा' असे सांगण्यात आले. घरी मुलाने दुसरा तक्ता दाखवला, त्यात २४.९ पर्यंतचे आकडे योग्य गटात होते. रक्तदाब व साखर ठीक आहे, रोज सकाळी तासभर फिरतो. कोणता तक्ता खरा मानायचा? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : दोन्ही तक्ते खरे आहेत, मात्र त्यांपैकी एकही तुमच्या वयाकडे पाहून तयार केलेला नाही. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. हे सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी मांडले, तेही मोठ्या लोकसमूहाचे सरासरी वर्णन करण्यासाठी; एका माणसाची प्रकृती तपासणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' (बीएमआय) हे आजचे नाव १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिले. जागतिक आरोग्य संघटना १८.५ ते २४.९ हा पट्टा योग्य मानते आणि तुमच्या मुलाने दाखवलेला तक्ता तोच असावा. भारतीयांना मधुमेह व हृदयविकार तुलनेने कमी बीएमआयवर गाठतात हे लक्षात आल्यावर आपल्या तज्ज्ञांनी २००९ साली वेगळ्या मर्यादा सुचवल्या. त्यांत २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो. शिबिरात हा तक्ता वापरला गेला.

आता वयाचा मुद्दा. पासष्टी ओलांडलेल्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती ३२ अभ्यासांतून एकत्र करून केलेले एक विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यूचा धोका सर्वांत कमी आढळला तो साधारण २४ ते ३१ या पट्ट्यात, आणि २३च्या खाली बीएमआय जाऊ लागला तसा धोका वाढत गेला. ही माणसे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील होती, आणि काहींचे वजन मुळात आजारामुळेच कमी झालेले असू शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून या निष्कर्षाचा आधार घेऊन आपल्याकडे कोणी ३०च्या बीएमआयवर निर्धास्त राहू नये. परंतु तरुणपणी जो आकडा आदर्श, तोच सत्तरीतही आदर्श, ही समजूत मात्र त्यातून नक्कीच मोडीत निघते. आजारपण, पडणे, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराला साठा लागतो, आणि उतारवयात तो साठा हाताशी असणे उपयोगाचे ठरते.

तेव्हा तक्त्यांचा वाद बाजूला ठेवून कंबरेचा घेर मोजा. त्यासाठी विजारीचे माप धरू नका, कारण पोट सुटलेला माणूस विजार पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षे '३४चीच लागते' असे समाधान मानतो. शिंप्याकडे असते तशी टेप घ्यावी. अंगावरचा कपडा वर करून ताठ उभे राहावे, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरावी, श्वास सहज सोडावा आणि मग आकडा वाचावा. पोट आत ओढू नये, टेप रुतवू नये. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा हाही एक सोपा निकष आहे. तुमच्या उंचीला तो साडेब्याऐंशी सेंटिमीटर येतो.

तुमचा घेर या रेषांच्या आत किंवा आसपास असेल, तर रक्तदाब व साखर ठीक असताना तीन-चार किलो उतरवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. घेर ९०च्या वर असेल, तर घेर कमी करण्याचा प्रयत्न जरूर करा, मात्र केवळ जेवण तोडून नव्हे. ते कसे करायचे हे पुढे एका उत्तरात सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि सांगलीजवळच्या गावी एकट्या राहतात. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या आठ महिन्यांत त्यांचे वजन ५२ किलोंवरून ४६ वर आले. नातेवाईक म्हणतात, 'वयानुसार माणूस वाळतोच, उलट साखरेला बरेच.' त्या स्वतःही 'मला काही होत नाही, भूकच लागत नाही' एवढेच सांगतात. गेल्या वर्षी सासरे वारले. यात काळजीचे काही आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आहे, आणि या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्यावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सहा ते बारा महिन्यांत, कोणताही प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे, असा वैद्यकातील नियम आहे. सासूबाईंच्या बाबतीत हे प्रमाण साडेअकरा टक्के आहे. 'वयानुसार वाळतोच' या वाक्याने आपल्याकडे जेवढे आजार उशिरा कळतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने कळत असतील. वयानुसार वजन उतरते हे खरे, पण अतिशय सावकाश. आठ महिन्यांत सहा किलो वयामुळे जात नाहीत.

कारणे अनेक असू शकतात, आणि एकाच वेळी दोन-तीन असण्याचाही संभव मोठा असतो. पहिला संशय खुद्द मधुमेहावर घ्यावा. साखर फार वाढलेली असेल तर ती लघवीवाटे निघून जाते आणि खाल्लेले अंगी लागत नाही, त्यामुळे वजन उतरले म्हणून साखरेला बरे झाले, हा तर्क नेमका उलटा ठरू शकतो. गोळ्यांचाही विचार करावा लागेल. मेटफॉर्मिनमुळे काहींची भूक मंदावते, तोंडाची चव बदलते, आणि मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकत असल्याने वजन उतरवतात. चाळिशीतील स्थूल रुग्णाला हा परिणाम हवासा असतो, ४६ किलोंच्या आजींना तो परवडत नाही. यांखेरीज थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग आणि पोटातील किंवा अन्यत्र असलेला कर्करोग यांची तपासणी व्हायला हवी. ज्येष्ठांमध्ये क्षयरोग नेहमी खोकला आणि तापाच्या रूपातच येतो असे नाही. कधी नुसते खंगत जाणे हेच त्याचे लक्षण असते.

यानंतरची कारणे तपासणीच्या कागदावर दिसत नाहीत. त्यांचे दात किंवा कवळी पाहा. वजन उतरले की हिरड्याही बारीक होतात, कवळी सैल पडते, भाकरी चावता येत नाही, मग माणूस चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढतो आणि विचारले तर 'भूक नाही' असे सांगतो. गिळताना घास अडकतो का, बद्धकोष्ठ आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारा, कारण या गोष्टी आपल्या घरातील वडीलधारी माणसे सुनेला आपणहून सांगत नाहीत. आणि सासरे गेल्यावर त्या एकट्या आहेत, ही तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. एकट्यासाठी स्वयंपाक करण्याची इच्छा राहत नाही, सकाळचेच दोन घास रात्री खाल्ले जातात. या वयातील नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. भूक जाणे, पहाटे जाग येणे, कशातच मन न रमणे एवढ्यावरच ते ओळखावे लागते, आणि त्यावर उपचार होऊ शकतात. विस्मरण सुरू झाले असेल तर जेवायचे राहूनही जाते.

तपासण्या होईपर्यंत घरी काय करता येईल? साखरेच्या भीतीने लादलेली पथ्ये सध्या सैल करा आणि त्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. नाजूक प्रकृतीच्या ज्येष्ठांमध्ये साखरेचे लक्ष्य तरुणांइतके कडक ठेवत नाहीत. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मऊ खिचडीवर तूप, दुधात शिजवलेली नाचणीची खीर, मऊ अंड्याची पोळी, घट्ट वरण-भात, दही, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी हे पदार्थ थोड्या प्रमाणातही पुष्कळ देऊन जातात. जेवणाआधी भरपूर पाणी किंवा चहा देऊ नये. शक्य असेल तर काही महिने त्यांना तुमच्याकडे आणा, किंवा शेजारच्या कोणाबरोबर त्यांचे एक वेळचे जेवण ठरवा. चार माणसांत बसून माणूस जास्त जेवतो.

अशा घरांची संख्या लहान नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत साठीच्या पुढील सुमारे २७ टक्के लोकांचे वजन कमी आढळले, तर जास्त वजन किंवा लठ्ठपणा असलेले सुमारे २२ टक्के होते. आपल्या आरोग्यविषयक लेखनाचा सगळा भर दुसऱ्या गटावर असतो, आणि पहिला गट बहुधा ते लेखन वाचणाऱ्यांत नसतो.

प्रश्न : वय ६३. चाळिशीत माझे वजन ५४ किलो होते, आजही तेवढेच आहे, याचा मला अभिमान वाटत असे. पण हातपाय बारीक झाले आहेत आणि पोट मात्र पुढे आले आहे. जुन्या साड्यांचे ब्लाउज दंडात सैल होतात, पोटावरचे कपडे घट्ट. वजन तेच असताना हे कसे? पोट कमी करण्यासाठी मी पाठीवर झोपून उठण्याचे व्यायाम सुरू केले आहेत. (एक गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : वजन तेच राहिले तरी त्याच्या आतला ऐवज बदलला आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, साठीनंतर त्यांचा वेग वाढतो, आणि त्यांची जागा चरबी घेते, म्हणून काट्यावर काहीच दिसत नाही. त्यातच पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि जी चरबी पूर्वी मांड्या व नितंबांवर साठत असे ती पोटात साठू लागते. ही पोटातील चरबी त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक उपद्रवी असते, कारण ती यकृत व आतड्यांभोवती असते आणि तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाऊन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात.

आपल्या लोकांमध्ये ही ठेवण अधिक प्रमाणात आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार लक्षवेधी रीतीने दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी जन्मापासूनच असते, हेही पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधल्या बालकांवरील त्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

पण तुमच्या पत्रात दुसरीही एक शक्यता आहे. आपली उंची आता मोजून पाहा. पासपोर्टवर, नोकरीच्या जुन्या कागदावर किंवा कोठेही तरुणपणीची उंची लिहिलेली असेल तर तिच्याशी ताडून पाहा. उतारवयात मणक्यांमधील चकत्या झिजून दोन-तीन सेंटिमीटर उंची कमी होणे स्वाभाविक आहे. चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक कमी झाली असेल, किंवा पाठीला बाक आला असेल, तर हाडे ठिसूळ होऊन मणके दबले आहेत का, हे पाहणे आवश्यक ठरते. असे मणके पुष्कळदा फारशा वेदनेविना दबतात. पाठीचा कणा आखूड झाला की बरगड्या कमरेच्या हाडाच्या जवळ येतात, आतील अवयवांना जागा पुरत नाही आणि पोट पुढे ढकलले जाते. हे पोट चरबीचे नसते आणि उपाशी राहून ते आत जात नाही. म्हणून हाडांच्या घनतेची चाचणी होईपर्यंत पाठीवर झोपून पुढे वाकत उठण्याचा व्यायाम कृपया थांबवा. ठिसूळ मणक्यांवर त्या हालचालीचा नेमका पुढच्या बाजूने दाब पडतो आणि मणका दबू शकतो.

स्नायू किती उरले आहेत याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. खुर्चीवर बसून पाय जमिनीला टेकवा आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार स्त्रियांमध्ये ३३ आणि पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी माप आल्यास पुढील तपासणी करावी. टेप नसेल तर जपानी संशोधकांनी सुचवलेली युक्ती वापरा : दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि तर्जन्या एकमेकींना जोडून कडे करा व ते पोटरीभोवती धरा. कडे पोटरीवर पुरत नसेल तर उत्तम. कड्यात पोटरी सैल बसत असेल, मध्ये फट राहत असेल, तर स्नायू घटल्याची ती खूण समजावी. पायांवर सूज असेल तर मात्र ही दोन्ही मापे फसवतात.

प्रश्न : वय ७०, उंची १६२ सेंटिमीटर, वजन ८८ किलो होते. गुडघे दुखतात म्हणून अस्थितज्ज्ञांनी वजन कमी करण्यास सांगितले. मी रात्रीचे जेवण पूर्ण बंद केले, सकाळी फक्त फळे घेतो. महिन्यात पाच किलो उतरले, पण जिना चढताना पाय थरथरतात आणि दोनदा पहाटे घाम येऊन चक्कर आल्यासारखे झाले. मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच चालू आहेत. वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांविषयी ऐकतो, ती घ्यावीत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पहाटेचा घाम आणि चक्कर हे साखर खाली गेल्याचे लक्षण असण्याचा दाट संभव आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळी घेणाऱ्याने रात्रीचे जेवण बंद करून गोळी तशीच चालू ठेवणे धोक्याचे आहे. आजच डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्या, आणि तोवर रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करा. पुन्हा असे झाले तर लगेच साखर तपासावी, आणि ते शक्य नसेल तर तपासणीची वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी.

तुमच्या अस्थितज्ज्ञांचा सल्ला योग्यच आहे. तुमचा बीएमआय ३३च्या पुढे होता, आणि गुडघ्यांचा विचार करता वजन कमी केल्याचा लाभ मोठा असतो. एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, असे मोजून दाखवले गेले आहे. चूक वेगात आहे. उपासमारीने उतरलेल्या वजनात पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक स्नायू असू शकतात, आणि सत्तरीत गेलेले स्नायू परत मिळवणे अवघड असते. काही महिन्यांनी जेवण पूर्ववत झाले की वजन परत येते, पण ते येते चरबीच्या रूपात. असे दोन-तीनदा घडले की माणूस पूर्वीच्याच वजनाचा, पण अधिक अशक्त होतो. तुमचे थरथरणारे पाय तेच सांगत आहेत.

अमेरिकेतील सेंट लुइस येथे पासष्टीवरील १०७ स्थूल व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तो या बाबतीत मला मार्गदर्शक वाटतो. काहींना केवळ आहार कमी करण्यास सांगितले, काहींना केवळ व्यायाम दिला आणि काहींना दोन्ही. वर्षअखेर शारीरिक क्षमतेची चाचणी घेतली तेव्हा केवळ आहारवाल्यांची क्षमता १२ टक्क्यांनी, केवळ व्यायामवाल्यांची १५ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांची २१ टक्क्यांनी सुधारलेली होती. दोन्ही करणाऱ्यांचे वजन केवळ आहारवाल्यांइतकेच उतरले, पण स्नायू कमी गेले.

तेव्हा सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे साडेचार ते नऊ किलो, एवढेच लक्ष्य ठेवा. त्यातले पाच उतरलेच आहेत. आता कमी करायचे ते साखर घातलेला चहा, फरसाण, तळण, बेकरीचे पदार्थ आणि ताटातील भाताचा ढीग. वरण, उसळ, दूध, दही, अंडी, मासे यांना हात लावायचा नाही. व्यायाम स्नायूंना भार देणारा हवा. गुडघे दुखत असल्याने फिरण्यावर भर देऊ नका. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरणे, भिंतीला हात टेकून ढकलणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे हे भौतिकोपचारतज्ज्ञांकडून एकदा शिकून घ्या आणि आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस करा.

इंजेक्शनांनी वजन उतरते यात शंका नाही. पण ती भूक मारून उतरवतात, मळमळ होते, आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. ज्येष्ठ व्यक्तीने ती मधुमेहतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पुरेशी प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम यांची सोय झाल्यावरच घ्यावीत. आज तुमच्या पायांत जे बळ आहे, ते पाहता मी तुम्हाला आधी तीन महिने वर सांगितलेले करून पाहण्यास सांगेन.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी माळकरी आहोत, अंडी-मासे वर्ज्य. दोघांचेही वजन ५५ किलोंच्या आसपास. एकादशी आणि सोमवार धरतो. डॉक्टर प्रथिने वाढवा म्हणतात. आमच्या जेवणात ती कोठून आणायची? डब्यातील पावडर घ्यावी का? (एक दांपत्य, पंढरपूर)

उत्तर : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात असे ठरवले. ज्येष्ठांचे स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, म्हणून त्यांच्यासाठी १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असे वार्धक्य व पोषण यांवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट सुचवतात. तुम्हा प्रत्येकाला ५५ ते ६५ ग्रॅम लागतील. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

माळकरी घरात एवढी प्रथिने सहज जमतात, अट एवढीच की आमटी पातळ नसावी. दोन्ही जेवणांत प्रत्येकी तीस ग्रॅम कोरड्या डाळीचे घट्ट वरण किंवा पिठले असेल तर त्यातून चौदा ग्रॅम मिळतात. तेवढ्याच कोरड्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ सात ग्रॅम देते. दिवसभरातील तीन ज्वारीच्या भाकऱ्या बारा, दोन कप दूध दहा, वाटीभर दही चार आणि मूठभर शेंगदाणे पाच. ही बेरीज ५२ झाली. पन्नास ग्रॅम पनीर त्यात आले की साठी ओलांडली. हे सगळे रात्रीच्या जेवणावर न ढकलता तिन्ही वेळांत वाटावे. सकाळी चहा-पोळीऐवजी मुगाचे धिरडे किंवा दुधातले सातूचे पीठ घ्यावे. पावडरीची गरज मला वाटत नाही. ज्याला चावता येत नाही किंवा जो आजारातून उठतो आहे, त्याला ती काही काळ उपयोगी पडते.

उपवास श्रद्धेचा विषय आहे आणि तो सोडा असे मी म्हणणार नाही. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी भगर आणि दाण्याची घट्ट आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, ताक असा फराळ केला तर त्या दिवशीही स्नायूंचे पोषण चालू राहते. दोघांपैकी कोणाला मधुमेहाची औषधे असतील तर उपवासाच्या दिवसाची मात्रा आधी विचारून घ्या.

प्रश्न : वय ८१. आता या वयात व्यायामाने काही फरक पडतो का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पडतो, आणि याचा पुरावा जुना आहे. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा जणांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचे व्यायाम देण्यात आले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. तुम्ही सुरुवात अशी करा : बिनचाकांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, जवळ घरातील कोणी उभे राहू द्या, हात छातीवर घ्या आणि पाच वेळा सलग उठून बसा. बारा सेकंदांच्या आत झाले तर पायांत चांगले बळ आहे. त्याहून अधिक वेळ लागला, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर हीच हालचाल तुमचा रोजचा व्यायाम आहे. आधी उशी ठेवून आसन उंच करा, हातांचा आधार घ्या, आणि जमेल तसा दोन्ही कमी करत जा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

प्रश्न : मुलाने घरी एक इलेक्ट्रॉनिक काटा आणला आहे. तो वजनासोबत चरबी, स्नायू आणि 'शरीराचे वय' असे सगळे दाखवतो. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरेच. त्यावर किती विसंबावे? आणि वजन किती वेळा करावे? (एक ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली)

उत्तर : हा काटा तळपायांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून शरीरातील पाणी व चरबी यांचा अंदाज बांधतो. पाणी कमी-जास्त प्यायले, पायांवर सूज असली की त्याचा अंदाज चुकतो. चरबीच्या आकड्याचे रोजचे चढउतार सोडून द्यावेत, शरीराच्या वयाकडे तर पाहूच नये. छातीत पेसमेकर बसवला असेल तर अशा काट्यावर उभे राहू नये.

वजन महिन्यातून दोनदा पुरे : सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि साधारण सारख्याच कपड्यांत. आकडा कालनिर्णयाच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा आणि कंबर व पोटरीचे माप दर तीन महिन्यांनी त्याच्याखाली लिहा. हृदयाचे स्नायू कमकुवत असलेल्यांनी मात्र रोज वजन करायला हवे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर धाप लागू लागली, तर ती चरबी नसून शरीरात साठलेले पाणी असते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषधांत बदल झाला, दात काढले, घरात कोणी गेले किंवा रुग्णालयात राहून आलात, तर पुढचे तीन महिने वजन दर आठवड्याला करावे, कारण घसरण सुरू होते ती बहुधा अशाच दिवसांत.